शोकरजेसाठी जवळचे नाते

९ फेब्रुवारी, सोमवार

सहाला उठले. बस चुकली. पुढच्या बसने गेले, वीस मिनिटे उशीर. अकरा पट्टे तपासले. नऊ पास, दोन नापास. येताना दूध घेतले. दुकानदाराने नेहमीची दोन पाकिटे काढून ठेवली होती, एक परत केले.

सासूबाई गुरुवारी दुपारी रुग्णालयात वारल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी कामावर नव्हते. आज शोकरजेचा अर्ज दिला.

ही वही आमच्या प्रयोगशाळेतली बाद वही आहे. आमचा कारखाना उंचावर काम करणाऱ्या माणसांचे कमरेचे पट्टे आणि दोर बनवतो आणि मी ते तुटेपर्यंत ओढून बघते. वहीच्या प्रत्येक पानावर नमुना, निरीक्षण आणि शेरा असे रकाने छापलेले आहेत. मास्तर म्हणाले, "घरी न्या, काहीतरी लिहीत बसा. रिकामं घर वाईट." मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या यंत्रावरचे तपासनीस. निवृत्तीला आठ महिने उरलेत, त्यामुळे उरलेले सल्ले संपवण्याची त्यांना घाई आहे.

बस नऊ वर्षांत पहिल्यांदा चुकली. भिंतीवरचे घड्याळ तपासले. अगदी बरोबर आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बस पुन्हा चुकली.

आस्थापना अधिकाऱ्यांनी बोलावले. कारखान्यात त्यांना सगळे 'परिपत्रक' म्हणतात, कारण ते तोंड उघडतात ते क्रमांक आणि तारीख सांगायलाच. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझा अर्ज वाचला.

"मयताशी नातं, सासू."

"हो."

"पण तुमचा तर घटस्फोट झालाय."

"हो. दहा वर्षं झाली."

"मग सासू कुठून आली?"

"बॅग घेऊन आल्या. नऊ वर्षांपूर्वी."

त्यांना तो विनोद वाटला. मी झाले तेच सांगितले होते. सासूबाईंच्या मुलाने दुसरे लग्न केले, राहते घर विकले आणि तो नव्या बायकोबरोबर दुसऱ्या शहरात गेला. आईची सोय लावतो म्हणाला होता, ती लावायची राहून गेली. एका संध्याकाळी सासूबाई माझ्या दोन खोल्यांच्या दारात उभ्या. हातात निळी बॅग. म्हणाल्या, "आठ दिवसांसाठी आलेय." मी म्हटले, "अहो, पण आता आपलं काही नातं राहिलं नाही." त्या म्हणाल्या, "त्या कागदावर माझी सही आहे का?" आणि आत येऊन चपला ओळीत लावल्या. माझ्यासुद्धा.

परिपत्रकांना एवढे सांगितले नाही.

"नियमात आई, वडील, नवरा, बायको, मुलं, सख्खी भावंडं, सासू, सासरे," ते म्हणाले. "माजी सासू हा प्रकारच नाही. तो तुम्हाला निर्माण करावा लागेल."

परिपत्रक नुकतेच 'संवेदनशील कार्यस्थळ' या विषयावरचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले आहेत. तिथे त्यांना एक फाइल, एक पेन आणि एक नवा शब्द मिळाला आहे, संकल्पना-टिपण. "जवळचं नातं म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या करा आणि तिचं समर्थन करा. हजार शब्द. निबंधच समजा. मग आपण समिती बसवू. आणि जरा हृदयाला भिडेल असं हवं बरं का."

"तोपर्यंत ते तीन दिवस?"

"तोपर्यंत विनापरवाना गैरहजर." मग प्रशिक्षणाची आठवण झाली असावी. चष्मा खाली घेऊन म्हणाले, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा निबंध शाळेत लिहिला होता. विषय मांजर. बाईंनी शेरा दिला होता, 'माहिती बरोबर, ओलावा नाही.'

आज तीनदा सुरुवात केली.

'नाते म्हणजे प्रेमाचा धागा.' खोडले. धागा किती ताण घेतो ते मला माहीत आहे.

'सासूबाई मला आईसारख्या होत्या.' खोडले. माझी आई मला घाबरायची.

'आमचे एकमेकींवाचून पान हलत नसे.' खोडले. शेवटचे अकरा दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

भांडण घड्याळाचे. त्या भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे करून ठेवत. मी मोजमापाच्या धंद्यातली, चुकीचे उपकरण घरात चालत नाही. रात्री जेवणानंतर मी ते बरोबर करायची, सकाळी मी उठायच्या आत त्या स्टुलावर चढून पुढे करायच्या. नऊ वर्षे. गेल्या महिन्यात मी म्हटले, "या वयात स्टुलावर चढता, पडलात तर कुणी उचलायचं?" त्या म्हणाल्या, "कुणाला ओझं नको माझं. जाते मी." आणि पलंगाखालून निळी बॅग ओढली. हे दरवेळचे. कंबर धरून, कण्हत, थांबत थांबत ती जड बॅग दारापर्यंत न्यायची, तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी आतल्या खोलीत जायची. तासाभराने बॅग पुन्हा पलंगाखाली. मी त्या बॅगेला कधी हात लावला नाही. दुसऱ्याचे सामान आहे.

या वेळी बॅग परत गेली, बोलणे परत आले नाही. अकराव्या दिवशी त्या न्हाणीघरात पडल्या. स्टुलावरून नाही. रुग्णालयात टेबलावरच्या माणसाने विचारले, "पेशंटच्या तुम्ही कोण?" मला पटकन शब्द सापडला नाही. घटस्फोटानंतर मी त्यांना आई म्हणायचे सोडले होते आणि दुसरे काही सुचले नव्हते, म्हणून नऊ वर्षे नुसते 'अहो' म्हणत होते. त्या माणसाला म्हटले, "एकत्र राहतो." त्याने काहीतरी लिहिले.

हजार शब्दांतले शून्य झाले.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंचा मुलगा आला. अंत्यसंस्काराला येता आले नव्हते, कारण त्या आठवड्यात त्याच्याकडे पाहुणे होते. त्याच्या ऑफिसने त्याला सात दिवसांची शोकरजा दिली, फुले पाठवली आणि बोलून मन मोकळे करायला एक समुपदेशक दिला. "खूप आधार वाटला," म्हणाला. डोळे खरोखरच भरून आले होते.

पलंगावर बसला. आईच्या खुर्चीचा फोटो काढला. मला जरा बाजूला व्हायला सांगितले, सावली पडत होती.

"खरं म्हणजे मी तिला नेणारच होतो गं."

"कधी?"

"अगं म्हणजे, घर लागलं की."

घर आठ वर्षांपूर्वी लागले. फोटो त्यानेच आईला पाठवले होते. सासूबाईंनी भिंग लावून पाहिले होते आणि म्हणाल्या होत्या, "तीन बाल्कन्या आहेत. कपडे वाळतील चांगले."

मी त्यांचे सामान दाखवले. दोन फळ्यांवरचे कपडे, चष्मा, रेडिओ, भिंग.

"एवढंच? आणि दागिने वगैरे? तिची ती निळी बॅग होती ना?"

"पलंगाखाली आहे."

वाकला, ओढली, कुलूप पाहिले. चेहरा जरा उजळला. "यातच असणार सगळं. मी जपून ठेवतो. कपडे, चष्मा तू ठेव. आठवण म्हणून."

बॅग त्याने एका हाताने उचलली. जिन्यात तर झुलवत नेली. पूर्वी याला पाण्याची बादली उचलवत नसे. व्यायाम करत असावा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांना खोडलेली पाने दाखवली. त्यांनी वाचून चष्मा पुसला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"वाटत नाही. लग्नपत्रिकेवरचा मजकूर वाटतोय. तुम्हाला येतं तसं लिहा ना. पट्ट्याचं मानक लिहिता तसं. व्याप्ती, व्याख्या, चाचणी, निकष. फाफटपसारा कशाला?"

"हृदयाला भिडायला हवं म्हणाले."

"कुणाच्या, परिपत्रकाच्या? आधी असल्याचा पुरावा मागा."

१८ फेब्रुवारी, बुधवार

एका बैठकीत लिहून झाले. मुख्य भाग इथे उतरवून ठेवते.

'१. व्याप्ती : हे टिपण फक्त शोकरजेपुरते आहे. कोणी कोणावर किती माया करावी हा कारखान्याचा विषय नाही.

'२. व्याख्या : जवळचे नाते म्हणजे अशा व्यक्तीशी असलेले नाते, जिच्या नसण्याने घरातल्या किमान चार रोजच्या गोष्टी बदलतात. उदाहरणार्थ, दुधाची पाकिटे, दाराच्या किल्ल्या, दिवा मालवण्याची वेळ, उठण्याची वेळ.

'३. रक्त : हा निकष अपुरा आहे. माझा आणि माझ्या शेजारच्या तपासनिसांचा रक्तगट एक आहे, तरी ते गेले तर मला त्यांच्या यंत्राचीच काळजी वाटेल.' (मास्तरांनी वाचले. म्हणाले, "राहू द्या. खरं आहे.")

'४. प्रेम : मोजता येत नाही, म्हणून निकषात घेतलेले नाही.

'५. भांडण : भांडण हा नाते नसल्याचा पुरावा धरू नये. परक्या माणसाशी कोणी अकरा दिवस अबोला धरत नाही. तेवढी शक्ती कोणी परक्यावर खर्च करत नाही.

'६. पुरावा : अर्जदार आणि मयत किमान पाच वर्षे एकाच पत्त्यावर राहत असल्याचा कागद हवा. पुराव्याशिवाय कोणताही नमुना ग्राह्य धरू नये, मग तो कोणीही आणलेला असो.'

सहावे कलम मला सगळ्यांत आवडले. त्यात फट नाही. पुढे समर्थनाची दोन पाने. एकूण सातशे शब्द. उरलेले तीनशे लिहिण्यासारखे काही नव्हते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

समिती बसली. परिपत्रक, हिशेबनीस, कामगार प्रतिनिधी आणि कल्याण अधिकारी बाई. मास्तरांना साक्षीदार म्हणून बोलावले, कशाचे ते कोणी सांगितले नाही. बिस्किटे होती.

कल्याण अधिकारी बाईंनी टिपण छातीशी धरले. "किती सुंदर! दोर आणि नातं! तुम्ही रोज दोर तपासता आणि मनातला दोर..."

"त्यात दोराबद्दल एक शब्द नाही," मी म्हणाले.

"तेच तर! न लिहिता लिहिलंत."

हिशेबनीस म्हणाले, "कलम दोन प्रमाणे माझा कुत्रा बसतो. उठायची वेळ त्याच्यामुळेच ठरते."

"कुत्रा व्यक्ती नाही," परिपत्रक म्हणाले.

"तुम्ही त्याला भेटला नाहीत."

कामगार प्रतिनिधी टेबलावर हात आपटून म्हणाले, "चारच गोष्टी का? दोन करा! आमच्या माणसाच्या घरात चार गोष्टी असतात तरी का?" त्यावर वीस मिनिटे चर्चा झाली. तीनवर तडजोड झाली. माझ्या दोन्ही खोल्यांत रोज काय काय बदलले आहे याची यादी मी केली होती. ती एकोणीसवर थांबली होती. ती कोणी मागितली नाही.

मग कल्याण अधिकारी बाई म्हणाल्या, "मला विचाराल तर व्याख्याच नको. आपण सगळे इथं एकच कुटुंब आहोत."

मास्तर तेवढेच बोलले. "मग बाई, कुटुंबात साडेनऊशे माणसं. दर आठवड्याला कुणीतरी जाणार. कारखान्याला कुलूपच लावा."

परिपत्रकांनी कलम एक ते पाच 'पुढील विचारार्थ' बाजूला ठेवली आणि सहावे वाचून खुर्चीत सरळ बसले. "हे मात्र फार सुंदर आहे. याला म्हणतात हृदयाला भिडणं."

२१ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंच्या मुलाचा फोन. आवाजात आधार वगैरे काही नव्हते.

"बॅगेतलं सामान कुठंय?"

"बॅग कुलूपबंद होती. तू नेलीस."

"कुलूप तोडलं मी. आत नुसती रद्दी! चुरगळलेले पेपर ठासून भरलेत. कुणी भरले?"

"मी त्या बॅगेला कधी हात लावला नाही."

"मग काय आईनं भरले? तिला वेड लागलं होतं? नऊ वर्षं तिची बॅग तुझ्या पलंगाखाली होती, तू म्हणतेस हात लावला नाही. कोण विश्वास ठेवेल? समुपदेशकसुद्धा म्हणाले, तुमच्या मनात फसवलं गेल्याची भावना आहे."

मी म्हटले, "कपडे कपाटात आहेत. पहिल्यापासून कपाटातच आहेत. चष्मा आणि भिंग टेबलावर."

"मला ती रद्दी घरात नको. पाठवून देतो परत. तुझी तू सांभाळ."

फोन ठेवल्यावर बराच वेळ पलंगाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले. तिथे फरशीचा रंग वेगळा आहे. बॅग जड नव्हती, तर त्या कण्हायच्या कशाला, कळत नाही. कंबर दुखत असावी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नवे धोरण सूचनाफलकावर लागले. 'जवळचे नाते : किमान पाच वर्षे एकाच पत्त्यावर वास्तव्याचा कागदोपत्री पुरावा.' एवढेच. खाली 'एका कर्मचाऱ्याच्या हृदयस्पर्शी टिपणावर आधारित'. लोक मला जिन्यात थांबवून शाबासकी देतात. कल्याण अधिकारी बाईंनी कारखान्याच्या मासिक अंकात छापायला फोटो मागितला, शक्यतो खिडकीतून बाहेर पाहतानाचा.

धोरणाखालची पहिली शोकरजा परिपत्रकांनीच घेतली. त्यांच्या मेव्हण्याचे सासरे गेले. नातवाच्या शाळाप्रवेशासाठी की कशासाठी त्या गृहस्थांचा पत्ता सहा वर्षे कागदोपत्री यांच्या घरचा होता. गृहस्थ कसे होते, असे मास्तरांनी विचारले. परिपत्रक म्हणाले, "चांगले असावेत. एकदा भेटलो होतो." पण कागद पक्के होते. कलमात फट नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा अर्ज नामंजूर.

सासूबाईंच्या ओळखपत्रावर विकलेल्या घराचा पत्ता आहे. तो बदलून घ्या, असे मी किती वेळा म्हटले. "आठ दिवसांसाठी कोण पत्ता बदलतं?" हे त्यांचे उत्तर. दुसरा कागद रुग्णालयाचा. त्यात 'सोबत आणणारी व्यक्ती' यापुढे 'शेजारीण' लिहिले आहे.

परिपत्रकांना खरेच वाईट वाटले होते. "अहो, मी काय करू? कलम तुमचं आहे."

"कलम बरोबर आहे," मी म्हणाले. "नमुना बसला नाही."

"दुसरा काही कागद? जुना? पत्ता असलेला? काहीही चालेल. फॉर्म देऊन ठेवतो, सोमवारपर्यंत आणा."

मास्तरांना सांगितले. त्यांनी यंत्र बंद केले. मग म्हणाले, "तुम्ही पट्टा इतका चोख शिवलात की माणूस आत मावेना." त्यांनी मला बस स्टॉपपर्यंत सोडले. वाटेत एकही सल्ला दिला नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी बॅग आली. सासूबाईंच्या मुलाने इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून पाठवली. ड्रायव्हरने एका बोटावर लटकवून वर आणली. "ताई, यात काही आहे का नक्की?" त्याने विचारले. मी म्हटले, "आहे."

कुलूप मोडलेले होते. टेबल मोकळे करून एकेक पान काढले, हाताने सपाट केले. आमच्याच पेपरचे अंक. पेपरवाला वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घरक्रमांक लिहितो, तसा प्रत्येकावर माझा घरक्रमांक, तीन-चौदा. नऊ वर्षांपूर्वीचे. कलम सहाला यापेक्षा चांगला कागद कुठला.

मग तारखेप्रमाणे लावले. सवय आहे. सासूबाई आल्या ती तारीख मला माहीत आहे, १२ ऑगस्ट. सगळ्यांत जुना अंक १३ ऑगस्टचा. सगळ्यांत शेवटचा २० ऑगस्टचा. आठ अंक. त्यानंतरचा एकही नाही.

पुन्हा मोजले. आठच.

परिपत्रकांनी दिलेला फॉर्म भरायला घेतला. नाव, हुद्दा, मयताशी नाते. पुराव्याचे वर्णन : वर्तमानपत्रे, नग आठ. त्याखाली बारीक अक्षरांत छापले आहे, 'मूळ कागद जमा करावे लागतील. परत मिळणार नाहीत.'

ती ओळ दोनदा वाचली. मग फॉर्म उलटा करून त्याच्या पाठीवर उद्याची यादी लिहिली. दूध एक. साबण.

पेपर एकेक करून पुन्हा चुरगळले, फार घट्ट नाही, आणि बॅगेत भरले. वीस तारखेचा सगळ्यांत वर. कुलूप बसत नाही म्हणून चेन ओढून सुतळीने बांधली. बॅग अगदी हलकी आहे. तरी दोन्ही हातांनी उचलून नेली आणि पलंगाखाली वेगळ्या रंगाच्या फरशीवर पहिल्यासारखी सारली, चटकन ओढता यावी म्हणून पट्टा बाहेर ठेवून.